द्रव हीलियम : एकाच दिवशी दोन शोध, पण दिसला एकच

प्रयोगवही

अपघाताने लागलेल्या शोधांवर गप्पा निघाल्या की पेनिसिलिन येतं, क्ष-किरण येतात. मला आज वेगळी गोष्ट सांगायची आहे. तिचा एक तुकडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय आणि वीस-बावीस वर्षं झाली तरी तो डोळ्यांसमोरून जात नाही.

मी तेव्हा कमी तापमानाच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. काचेचे दोन थर्मास एकात एक बसवलेले, बाहेरच्यात द्रव नायट्रोजन, आतल्यात द्रव हीलियम. काचेला आतून चांदीचा मुलामा, पण दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची उभी पट्टी मोकळी सोडलेली. एका बाजूने उजेड पाडायचा आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावायचा. हीलियम साध्या दाबाला ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसला उकळतो. वरची वाफ पंपाने ओढत राहिलं की दाब उतरतो आणि द्रव आणखी गार होत जातो.

पंप चालू केला. पट्टीतून बुडबुडेच बुडबुडे दिसत होते. काटा खाली खाली येत गेला तसं उकळणं वाढत गेलं, अगदी खळाळून. आणि २.१७ केल्विनला सगळं थांबलं. हळूहळू कमी होऊन नाही, एका क्षणात. भाताचं आधण खळखळतंय, गॅस तसाच मोठा आहे आणि मधेच पातेलं तळ्यासारखं स्तब्ध झालं, असं समजा. पंप धडधडतोय, द्रवाची पातळी उतरतेय, पण एक बुडबुडा नाही. माझ्या अंगावर काटा आला. सर शेजारीच उभे होते, ते एवढंच म्हणाले, "हेच तीस वर्षं कुणाला दिसलं नव्हतं."

त्या वाक्याचा अर्थ मला नंतर वाचून कळला. हॉलंडमधल्या लायडनला हाइके कामरलिंग ओनेस यांची प्रयोगशाळा होती. १० जुलै १९०८ ला त्यांनी जगात पहिल्यांदा हीलियमचा द्रव केला. पहाटे पावणेसहाला काम सुरू झालं होतं. हीलियम गार करायला आधी वीस लिटर द्रव हायड्रोजन तयार केला होता. संध्याकाळ झाली, तापमापी एका जागी अडकून बसला, तरी भांड्यात काही दिसेना. बघायला आलेल्या एका प्राध्यापकांनी सुचवलं, तापमापी द्रवातच बुडाला असेल, खालून उजेड पाडून बघा. पाडला आणि द्रवाचा पृष्ठभाग सुरीच्या धारेसारखा चमकला. भांडं जवळजवळ भरलेलं होतं, पण हीलियम इतका पारदर्शक की कुणाला पत्ता नाही. सगळा मिळून साठेक मिलिलिटर, चहाचा लहान कप म्हणा.

आता ८ एप्रिल १९११. त्या दिवशी शुद्ध पाऱ्याचा विद्युत रोध मोजायचा होता. काचेच्या केसासारख्या नळ्यांत पारा भरलेला, तो हीलियममध्ये बुडवलेला. गारव्याची बाजू खेरिट फ्लिम हे कुशल तंत्रज्ञ सांभाळत होते, रोध मोजायला गिलेस होल्स्ट. दुपारी ओनेसनी वहीत लिहिलं की पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य. ती अतिवाहकतेची, म्हणजे विजेला अजिबात रोध न होण्याची, पहिली नोंद. दोन वर्षांनी ओनेसना नोबेल मिळालं.

पण त्याच वहीत, त्याच दिवशी, थोडं पुढे आणखी एक नोंद आहे. तापमान सर्वांत खाली जायच्या जरा आधी उकळणं एकदम थांबलं आणि नुसतं बाष्पीभवन होऊ लागलं, द्रव दिसेल असा आकसत गेला, अशा अर्थाची. म्हणजे मी पट्टीतून जे पाहिलं तेच! हीलियम एका नव्या अवस्थेत गेला होता, अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा, झाला होता. नोंद झाली आणि पुढे कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. डर्क फान डेल्फ्ट आणि पीटर केस यांनी त्या वह्या बारकाईने वाचून २०१० मध्ये हे सगळं लोकांपुढे आणलं.

अतिप्रवाहिता जगाला कळली ती जानेवारी १९३८ मध्ये. मॉस्कोत प्योत्र कपित्सा, केंब्रिजला ॲलन आणि माइसनर. दोघांचे लेख 'नेचर'च्या एकाच अंकात आले. मधे २७ वर्षं गेली.

मला मनापासून वाटतं की अपघाती शोधांच्या यादीत अशा हुकलेल्या शोधांनाही जागा हवी. तुम्हाला असे आणखी माहीत असतील तर इथे लिहा.

---

दवबिंदू

सुंदर लिहिलंय. आधणाचं उदाहरण वाचून सगळं डोळ्यांसमोर आलं. एक शंका. पंप चालू आहे, द्रव उडून जातोय, तर बुडबुडे का बंद होतात?

---

प्रयोगवही

@दवबिंदू, बुडबुडा कधी होतो? द्रवात कुठेतरी एक जागा आजूबाजूपेक्षा किंचित जास्त गरम होते तेव्हा. पातेल्याच्या तळाशी होतं तसं. २.१७ केल्विनच्या खाली हीलियम उष्णता इतक्या झपाट्याने पसरवतो की कुठलीच जागा शेजारच्या जागेपेक्षा गरम राहत नाही. मग आत बुडबुडा धरायला वावच नाही, फक्त वरच्या पृष्ठभागावरून वाफ निघते. लायडनलाच विलेम केसोम आणि त्यांची मुलगी ॲना यांनी १९३० च्या दशकात ही उष्णतावहनाची करामत मोजली. त्याआधी १९२७-२८ मध्ये केसोम आणि वोल्फके यांनी २.१७ केल्विनच्या वरच्या आणि खालच्या द्रवांना 'हीलियम एक' आणि 'हीलियम दोन' अशी नावं दिली होती. विशिष्ट उष्म्याचा, म्हणजे ठरावीक वजनाचा पदार्थ एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेचा, आलेख त्या तापमानाला ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला लॅम्डा बिंदू म्हणतात.

---

किल्लेकरी

हीलियम म्हटलं की आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना विजयदुर्गच आठवतो! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सर नॉर्मन लॉकयर यांनी आमच्या किल्ल्यावरून हीलियम शोधला. दुर्बिणी ठेवायला बांधलेले 'साहेबाचे ओटे' आजही आहेत. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हीलियम दिवस साजरा होतो, शाळांची मुलं येतात. हीलियमच्या धाग्यावर हे यायलाच हवं.

---

जुनी_कात्रणं

किल्लेकरी, विजयदुर्गाचं प्रेम मलाही आहे, म्हणूनच नीट सांगतो. १८६८ च्या ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हते, इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहणासाठी भारतात आले ते १८७१ मध्ये.

१८६८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून निघून आपल्या दख्खनवरूनच गेला. विजापूरला हेग, जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन असे जागोजाग वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं साधन, लावून लोक बसले होते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वर्णपटात ठरलेल्या जागी येतात. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा अनेकांनी पाहिली. बहुतेकांना ती सोडियमची वाटली. पॉगसन यांना शंका आली की ही नेमकी सोडियमच्या जागी नाही. लॉकयरनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, ती रेषा पाहिली आणि पुढे ती एका नव्या मूलद्रव्याची आहे असं मांडलं. जान्सेन यांना गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं होतं की या ज्वाळा बघायला ग्रहणाची गरजच नाही. पृथ्वीवर हीलियम सापडायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅमसे यांना तो युरेनियमच्या एका खनिजात मिळाला, आणि ते तर आर्गॉन शोधत होते.

धाग्याच्या विषयाशी हे किती जुळतंय पाहा. रेषा समोर होती, पण "सोडियमच असणार" म्हणून बरेच जण पुढे गेले.

---

किल्लेकरी

धन्यवाद. लॉकयर त्या दिवशी इथे नव्हते हे वाचून क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खरं तेच मुलांना सांगायला हवं. ग्रहणाचा पट्टा कोकणातून गेला ही गोष्ट काही कमी नाही. पुढच्या १८ ऑगस्टला मी ओट्यांजवळ उभा राहून पिवळ्या रेषेची ही गोष्ट सांगेन.

---

तर्कतीर्थाटन

धागा आवडला, पण 'अपघात' या शब्दाला माझा आक्षेप आहे. ओनेस हातातला पारा सहज बुडवून बसले नव्हते. त्या काळी खरा वाद होता. लॉर्ड केल्विन म्हणत की तापमान फार उतरलं तर इलेक्ट्रॉन जणू गोठतील आणि रोध वाढत जाईल. ओनेसचं मत होतं की शुद्ध धातूचा रोध हळूहळू शून्याकडे जाईल. पारा निवडला कारण तो ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून पुन्हा द्रव करून, वारंवार शुद्ध करता येतो. म्हणजे प्रश्न ठरलेला, साधन ठरलेलं, अपेक्षाही ठरलेली. शून्य मिळालं तेव्हा ते त्यांच्या अंदाजाप्रमाणेच होतं!

---

प्रयोगवही

@तर्कतीर्थाटन, बरोबर आहे, आणि तुमच्या आक्षेपातच मेख आहे. शून्य अपेक्षित होतं, उडी अपेक्षित नव्हती. नंतरच्या मोजमापात दिसलं की ४.२ केल्विनच्या आसपास अंशाच्या अगदी लहान भागात रोध कड्यावरून पडावा तसा पडतो. ती उडी कुठल्याच अंदाजात बसत नव्हती. काही पुस्तकांत एक गोष्ट सांगतात, की दाब सांभाळणाऱ्या पोराला डुलकी लागली, तापमान चढलं आणि त्यामुळे उडी सापडली. वहीतल्या नोंदींशी ती गोष्ट जुळत नाही. मला ती सोडून द्यायला जड गेलं, कारण मीही ती विद्यार्थ्यांना सांगत असे.

पण मला अस्वस्थ करते ती दुसरी बाजू. उकळणं थांबल्याचं एकदा हुकलं असतं तर समजून घेता आलं असतं. १९२२ मध्ये ओनेसना दिसलं की एकात एक ठेवलेल्या दोन भांड्यांतल्या हीलियमची पातळी आपोआप सारखी होते. त्यांनी ते ऊर्ध्वपातनावर टाकलं. खरं तर हीलियमचा अतिशय पातळ थर काचेवरून चढून पलीकडे उतरत होता. पुढे लिओ डाना नावाच्या अमेरिकन तरुणाने लायडनलाच विशिष्ट उष्मा मोजला. लॅम्डा बिंदूजवळ आकडे भलतेच मोठे आले. भरवसा वाटला नाही म्हणून ते छापलेच नाहीत. डाना अमेरिकेला परतला, ओनेस १९२६ मध्ये गेले.

ही माणसं निष्काळजी नव्हती हो. लायडनच्या प्रयोगशाळेचं ब्रीदच "मोजण्यातून जाणण्याकडे" असं होतं. त्यांनी मोजलंही, लिहूनही ठेवलं. पण "हे काहीतरी वेगळं आहे" असं म्हणायला त्या काळात शब्दच नव्हते. उकळणं थांबलं याला कुठल्या खणात ठेवणार? रोध शून्य झाला, याला खण तयार होता.

---

वेलदोडा

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि आमच्यातल्या एकाने पदार्थाची नवी अवस्था शोधली याचा मला फार अभिमान आहे. १८८८, प्राग. फ्रीडरिख रायनिट्झर गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्याचं एक संयुग, कोलेस्टेरिल बेंझोएट, तापवलं तर १४५.५ अंशांना वितळलं, पण द्रव ताकासारखा गढूळ. आणखी तापवलं तर १७८.५ ला एकदम निवळशंख. शुद्ध पदार्थाला वितळायचे अंश दोन कसे? दुसरा कुणी असता तर "माल अशुद्ध आहे" म्हणून परत शुद्ध करत बसला असता. रायनिट्झर यांनी ते भौतिकीतल्या ओटो लेमान यांना पाठवलं. लेमान यांनी तापवता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हा द्रव वाहतोही आणि स्फटिकासारखा प्रकाशाशी खेळतोही. तो द्रवस्फटिक.

वर्गात मी जुना कॅल्क्युलेटर नेते. पडद्यावर अंगठा दाबला की आकड्यांभोवती रंग पसरतात, सोडला की परत जागेवर. मुलं रांग लावतात. आपल्या देशाचाही यात वाटा आहे. १९७७ मध्ये बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर लांबट काडीसारखेच रेणू लागतात अशी समजूत होती.

---

दवबिंदू

वेलदोडाताई, "माल अशुद्ध आहे" हे वाक्य मी कारखान्यात रोज ऐकते. आता ऐकलं की रायनिट्झर आठवतील.

---

तर्कतीर्थाटन

हुकलेल्या नाही, पण हुकायला निघालेल्या शोधाचं एक उदाहरण. तारीख पाहून चमकलो : ८ एप्रिल! १९११ नाही, १९८२.

डॅन शेख्टमन हे इस्रायली शास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होते. ॲल्युमिनियम-मँगनीजचा झटपट थंड केलेला मिश्रधातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहताना ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं. मोजले तर दहा. वहीत त्यांनी दहाच्या पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली. का ते सांगतो. घरात चौकोनी फरशी बसते, त्रिकोणी बसते, षटकोनीही बसते. पंचकोनी फरश्या घेऊन बसा, फटी राहणारच. स्फटिक म्हणजे तीच तीच रचना पुन्हा पुन्हा, म्हणून पाचाची किंवा दहाची सममिती स्फटिकात अशक्य, असं सगळी पुस्तकं सांगत होती. शेख्टमनना गटातून बाहेर पडायला सांगितलं गेलं. दोन नोबेलं मिळवलेले लायनस पॉलिंग अखेरपर्यंत विरोधात राहिले. लेख छापून यायला नोव्हेंबर १९८४ उजाडला. १९९२ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली आणि २०११ मध्ये शेख्टमनना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ओनेसच्या वहीत नोंद होती पण प्रश्नचिन्ह नव्हतं. इथे तीन होती. मला फरक तिथे वाटतो.

---

प्रयोगवही

काय लिहिलंत! प्रश्नचिन्हाचं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या जुन्या वह्या काढून बघावंसं वाटतंय.

यावरून कॉर्नेल विद्यापीठातली १९७१ ची गोष्ट. डग्लस ओशेरॉफ हा विद्यार्थी हीलियम-३ वर काम करत होता, म्हणजे साध्या हीलियमचा हलका आणि फार दुर्मीळ भाऊ. शोधायचं होतं घन हीलियम-३ चं चुंबकीय रूपांतर. कागदावर पेन दाबाचा आलेख काढत होतं आणि २.७ मिलिकेल्विनच्या (मिलिकेल्विन म्हणजे केल्विनचा हजारावा भाग) आसपास रेषेचा उतार अगदी किंचित बदलला. बघितलं नसतं तर दिसलं नसतं इतका. ओशेरॉफने प्रयोग पुन्हा केला, मोड पुन्हा त्याच जागी. पहिल्या लेखात डेव्हिड ली, रॉबर्ट रिचर्डसन आणि त्याने ते घनातलंच रूपांतर समजून छापलं. मग चुंबकीय अनुनादाने तपासलं तेव्हा कळलं की हे द्रवात घडतंय, हीलियम-३ अतिप्रवाही झालाय! तिघांना १९९६ चं नोबेल मिळालं. म्हणजे अर्थ चुकला तरी चाललं, मोड खोडून टाकला नाही हे महत्त्वाचं.

केंब्रिजच्या ॲलनचीही एक गोष्ट राहिली. १९३८ मध्येच त्यांच्याकडे बारीक एमरीची (पॉलिश पेपरला लावतात ती) पूड ठासून भरलेली नळी अतिप्रवाही हीलियममध्ये उभी होती. नीट दिसावं म्हणून त्यांनी खिशातल्या टॉर्चचा झोत टाकला आणि नळीच्या तोंडातून हीलियमचं कारंजं उडालं. टॉर्चच्या एवढ्याशा उबेने! अतिप्रवाही भाग उबेच्या दिशेने पुडीच्या कणांमधल्या फटींतून धावतो आणि साधा द्रव त्या फटींतून मागे येऊ शकत नाही, म्हणून दाब वाढून कारंजं. हा मात्र खराखुरा अपघात, तर्कतीर्थाटन तुम्हीही मान्य कराल.

---

तर्कतीर्थाटन

मान्य. टॉर्चला हरकत नाही.

---

लोकलचा_पास

कुलाब्याची एक भर घालतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या गटाने शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिवाहकता दाखवली. 'सायन्स'मध्ये २०१७ साली आलं. बिस्मथमध्ये जवळजवळ एक लाख अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन. अतिवाहकतेच्या नेहमीच्या सिद्धांताने इतक्या विरळ वस्तीत ती व्हायला नको होती. हे अपघाताने नव्हे, मुद्दाम शोधून, इतक्या खोल तापमानापर्यंत यंत्रणा उभी करून. लायडनपासून सुरू झालेली वाट मुंबईतही चालू आहे, म्हणून लिहिलं.

---

पांढरा_कोट

मी एमआरआय चालवतो. आमच्या यंत्राचं चुंबक द्रव हीलियममध्ये बुडवलेलं असतं, अतिवाहक तारेचं वेटोळं. एकदा प्रवाह सोडला की तो फिरतच राहतो. कधी चुंबक अचानक 'क्वेंच' झालं, म्हणजे तारेतला अतिवाहकपणा गेला, तर सगळी ऊर्जा उष्णतेत जाते आणि हीलियम उसळून छतावरच्या नळीतून बाहेर पडतो. एक लिटर द्रवाचा सातशे लिटरच्या वर वायू होतो. मी एकदाच पाहिलंय. विमान डोक्यावरून गेल्यासारखा आवाज आणि बाहेर पांढऱ्या ढगाचा लोट. रुग्ण आत नव्हता, पण हात बराच वेळ थरथरत होते.

माझा प्रश्न : आमच्या यंत्रातला हीलियम तुम्ही म्हणता तसा शांत असतो का?

---

प्रयोगवही

@पांढरा_कोट, नाही. तुमचा हीलियम ४.२ केल्विनच्या आसपास असतो, म्हणजे साधाच, ओनेसनी १९०८ ला पाहिलेला. शांत हीलियम मोठ्या प्रमाणावर हवा असेल तर जिनेव्हाजवळ जमिनीखाली जावं लागेल. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन वळवणारी चुंबकं १.९ केल्विनला, अतिप्रवाही हीलियमने गार ठेवतात. शंभर टनांहून जास्त हीलियम लागतो. १.९ च का? तार जास्त प्रवाह पेलते हे एक. आणि दुसरं, लॅम्डा बिंदूच्या खाली हीलियम उष्णता झटक्यात पसरवतो, वेटोळ्याच्या फटीफटीत शिरतो, कुठे गरम ठिपका राहू देत नाही. ज्या गुणामुळे बुडबुडे थांबले, तोच गुण.

---

दवबिंदू

तुमच्या त्या पट्टीतून बघतानाचा फोटो आहे का?

---

प्रयोगवही

नाही, तेव्हा कॅमेऱ्याचा मोबाइल नव्हता माझ्याकडे. वही आहे. काल माळ्यावरून काढली. त्या दिवसाच्या पानावर वेळ, दाब, तापमान आणि पुढे पेन्सिलीने "बुडबुडे बंद" एवढंच लिहिलंय.